मासवण : मोकळ्या जागेचे अनेक धनी

पालघर शहरातून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीचा चढ ओलांडून पूर्वेच्या सखल भागात उतरतो, तेथे सूर्या नदीच्या खोऱ्यात मासवण हे गाव वसलेले आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगररांगांकडून येणारी आणि पुढे वैतरणेला मिळणारी ही नदी हेच या गावाच्या भूगोलाचे आणि अलीकडच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. धामणी येथील धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा यांमुळे नदीचा प्रवाह नियंत्रित झाला. मासवण येथील उदंचन केंद्रातून, म्हणजे नदीचे पाणी पंपांच्या साहाय्याने उचलणाऱ्या केंद्रातून, ते पाणी धुकटणच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे आणि तेथून वसई-विरार शहरांकडे जाऊ लागले. त्यामुळे लाखो शहरवासीयांच्या नळाशी या लहान गावाचा संबंध जडला, परंतु त्यांतील फारच थोड्यांना गावाचे नाव ठाऊक असेल. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शिवाय मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाच्या बांधकामात पालघर जिल्ह्यातील टप्प्यांची जी नावे ठरली, त्यांत मासवणचे नाव आल्यामुळे गावाच्या जमिनीकडे पाहण्याची बाहेरच्यांची दृष्टीही बदलली आहे.

अशा गावातील सार्वजनिक उद्यानाचा, त्याच्या नियमांचा आणि देखरेखीचा विचार करताना शहरातील बागेचे चित्र बाजूला ठेवावे लागते. शहरात उद्यान म्हणजे विकास आराखड्यात आरक्षित झालेली, कुंपण घातलेली, उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरलेली आणि उद्यान विभागाच्या अखत्यारीतील जागा असते. खेड्यात माणसे बसतात, मुले खेळतात, जत्रा भरते, पावसाळ्यानंतर तारप्याच्या सुरावर फेर धरला जातो, त्या जागा गावठाण, शाळेचे पटांगण, गायरान, नदीकाठ आणि डोंगराचा पायथा अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा कायदेशीर धनी निराळा असतो. देखरेखीचा खरा पेच येथेच आहे. नियमांची उणीव हा अशा गावांचा प्रश्न क्वचितच असतो. एकाच वहिवाटीच्या जागेवर तीन-चार खात्यांचे नियम लागू होतात आणि त्यांतील कोणाचाही माणूस तेथे रोज हजर नसतो.

गावठाण, म्हणजे महसुली नकाशावर वस्तीसाठी राखून ठेवलेला भाग, हा त्यातल्या त्यात सोपा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ५१ नुसार गावातील खुल्या, पडीक व मोकळ्या जागा, सार्वजनिक रस्ते इत्यादी मालमत्ता शासनाला ग्रामपंचायतीकडे निहित करता येते. निहित करणे याचा अर्थ, त्या मालमत्तेचा ताबा आणि व्यवस्था शासनाने घातलेल्या अटींसह पंचायतीकडे देणे. अशी प्रत्येक जागा पंचायतीच्या दप्तरात चढली पाहिजे. ग्रामपंचायतीने ठेवावयाच्या ३३ नमुन्यांत नमुना २२ ही स्थावर मालमत्तेची, नमुना २३ ही रस्त्यांची, नमुना २४ ही जमिनीची आणि नमुना ३३ ही वृक्षांची नोंदवही आहे. गावात बाग असो वा नसो, झाडांची स्वतंत्र नोंदवही मात्र कायद्याने प्रत्येक पंचायतीला ठेवावीच लागते, ही गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. सार्वजनिक जागेवरचा वड, आंबा किंवा मोह कोणाच्या मालकीचा, त्याचे उत्पन्न कोणाच्या खाती जमा झाले आणि तो तोडला गेला तर कोणाच्या आदेशाने, याची उत्तरे त्या वहीत असायला हवीत. लेखापरीक्षणाच्या वेळी रोकडवहीइतकेच लक्ष या वहीकडे दिले गेले, तर गावातील सावलीचा हिशेब बराचसा लागेल.

गावठाणाबाहेर पडले की महसूल खात्याची हद्द सुरू होते. गायरान, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली शासकीय जमीन, पंचायतीच्या वापरात असली तरी तिची मालकी शासनाचीच राहते. नदी, नाले, तळी यांचे तळही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम २० नुसार शासनाच्या मालकीचे आहेत. म्हणून सूर्येच्या काठी एखादा घाट बांधावा, ओटा करावा किंवा झाडे लावावीत असे कोणत्याही गावाने ठरवले, तरी महसूल आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांशी गाठ पडते, आणि पाणी उचलणाऱ्या यंत्रणेच्या आवारात तर आणखी एका संस्थेचे नियम लागू होतात. शाळेचे पटांगण व आरोग्य केंद्राचे आवार जिल्हा परिषदेचे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, तेव्हापासून ही देखरेख ठाण्याऐवजी पालघरहून होते, आणि जिल्हा मुख्यालय जवळ आल्यामुळे तक्रार घेऊन जाणाऱ्याचा दिवस वाया जाण्याचे प्रमाण तरी कमी झाले असावे.

वाघोबा खिंडीकडचा डोंगर हा या भूगोलाचा सर्वांत वेगळा घटक आहे. खिंडीतील वाघोबाचे देवस्थान, तेथून काळदुर्गाकडे जाणारी पायवाट आणि भोवतीचे जंगल येथे पालघरकर सुट्टीच्या दिवशी येतात, म्हणजे व्यवहारात शहराच्या बागेचेच काम हा परिसर करतो. मात्र वनक्षेत्रात भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतात, आणि त्यांत विरंगुळ्यासाठी येणाऱ्या माणसाची कल्पना दुय्यम आहे. वाघोबा हे वारली समाजाचे आणि या पट्ट्यातील इतर अनेक समाजांचे दैवत, आणि मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या दीडशेहून अधिक स्थानांची नोंद झाली आहे. बिबट्याच्या वावराच्या प्रदेशात माणसाने कोठपर्यंत जावे आणि वाघाचे देणे कसे द्यावे, याचे संकेत या श्रद्धेत आहेत. लिखित नियमाला पहारेकरी लागतो, तर अशा संकेताला वाघबारसेची पूजा पुरते. अर्थात चारचाकीतून येऊन पत्रावळी तेथेच टाकणाऱ्या पाहुण्यावर त्या संकेताचा अंमल चालत नाही, हेही तितकेच खरे आहे.

वन हक्क अधिनियम, २००६ याच्या कलम ३ (२) मध्ये गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते. ज्या सोयींसाठी ही जमीन मिळू शकते, त्यांच्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, तळी, रस्ते, समाजमंदिर यांसारख्या १३ बाबी आहेत, उद्यान किंवा क्रीडांगण मात्र नाही. हेक्टरी ७५ झाडांहून अधिक तोड होऊ नये, अशी अटही तेथे आहे. डोंगरपायथ्याच्या गावांकडे मोकळी जमीन डोळ्यांसमोर असूनही मुलांच्या खेळासाठी ती मागण्याची वाट या यादीतून निघत नाही, हे तिचे न्यून म्हटले पाहिजे.

अतिक्रमणाच्या बाबतीत कायदा पुरेसा कडक आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ सार्वजनिक रस्ते व खुल्या जागांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला देते. महसुली बाजूने गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही तलाठ्याकडे असते, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) नुसार पंचायत सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात कुटुंबाने चालू ठेवलेले अतिक्रमणही सदस्याला भोवू शकते, असा अर्थ लावला. त्याआधी, २८ जानेवारी २०११ रोजी, पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने गायरानांच्या संरक्षणाचे धोरण ठरवले. तरीही व्यवहारात अतिक्रमणाची तक्रार निवडणुकीच्या तोंडावर उगवते आणि निकालानंतर मावळते, असे राज्यभर दिसते, कारण अपात्रतेचे कलम प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपे हत्यार आहे, तर जागा प्रत्यक्ष मोकळी करण्याचे काम कोणालाच मते मिळवून देत नाही.

या सर्व विखुरलेल्या अधिकारांना एकत्र पाहू शकेल अशी संस्था कोणती, या प्रश्नाचे उत्तर पालघर तालुक्याच्या या पूर्व पट्ट्यात इतर महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहे. या पट्ट्यातील बहुसंख्य गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला सर्वत्र पेसा म्हणतात, लागू आहे. या कायद्याच्या कलम ४ (घ) नुसार समाजाच्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधने यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम मानली गेली आहे. राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमातील प्रकरण तीन-अ आणि मार्च २०१४ मध्ये अधिसूचित झालेले पेसा नियम ही त्याचीच पुढची पायरी. त्या नियमांनुसार एखादा पाडा ठराव करून स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा आणि ग्रामसभा कोष असू शकतो. विखुरलेल्या पाड्यांच्या गावात ही तरतूद फार मोलाची आहे, कारण मोठ्या गावाच्या नाक्यावर बाक बसवून दूरच्या पाड्यावरील मुलांना काहीच लाभ होत नाही. ग्रामसभेने जागेचा वापर, तेथील वेळा, झाडतोडीची बंदी, कचरा, लग्नमंडपासाठी द्यावयाचे भाडे याविषयी ठराव केला आणि तो कार्यवृत्तात नोंदवला, तर महसूल, वन आणि जिल्हा परिषद या तिघांनाही त्याची दखल घ्यावी लागेल अशी वैधता त्याला येते. आजवर या अधिकाराचा वापर जमीन संपादनाला हरकत घेण्यासाठी, वाळू किंवा मद्य यांसारख्या वादाच्या विषयांसाठी अधिक झाला आहे. पटांगणासारख्या साध्या गोष्टीसाठी तो कमी झाला, आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण ज्या पट्ट्यातून एकाच वेळी द्रुतगती महामार्ग आणि बेटेगावला स्थानक असलेल्या बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, तेथे ग्रामसभेची शक्ती जमीन वाचवण्यातच खर्ची पडते.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती आणि उरलेल्या ४० टक्क्यांवर गावाच्या सर्व गरजांचा डोळा असे. बागबगीचे व उद्याने यांचा स्पष्ट उल्लेख ज्या राज्य अनुदान योजनेत आहे, ती पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या मोठ्या ग्रामपंचायतींसाठी आहे, त्यामुळे लहान गावांच्या वाट्याला ती येत नाही. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणाऱ्या ५ टक्के निधीत वनीकरण व जलसंधारण हा एक गट आहे आणि झाडे लावण्यासाठी तोच सर्वांत सुकर मार्ग ठरतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत त्या झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी कोणत्या शीर्षाखाली टाकावी, हा प्रश्न योजनांच्या भाषेत नेहमीच मागे राहतो.

बाहेरच्या देखरेखीचे एक उदाहरण मासवणपासून फार दूर नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवले, आणि गावकऱ्याला थेट समोर येऊन म्हणणे मांडता येईल अशी सुनावणीची जागा तेथे मिळाली. त्या प्राधिकरणाचे कार्य औष्णिक वीज केंद्र आणि बंदर यांसारख्या मोठ्या प्रकल्पांभोवती फिरले, पण स्थानिक लोकांपासून पुरेशी जवळ आणि खात्यांपासून पुरेशी दूर अशी देखरेख शक्य असते, हे त्याने दाखवले. शहरांच्या बाबतीत असेच काम न्यायालयांनी केले आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तेव्हा ती जागा आराखड्यात उद्यान म्हणून नोंदलेली होती हाच निर्णायक मुद्दा होता. खेड्यातील पटांगणाला असा कागद क्वचितच असतो. गावठाणांच्या ड्रोन भूमापनातून, म्हणजे एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून, सार्वजनिक जागांच्या हद्दी प्रथमच नकाशावर उमटत आहेत, आणि त्या हद्दींची खातरजमा मोजणीच्या वेळी झाली नाही तर पुढे दुरुस्तीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात खेटे घालावे लागतात.

द्रुतगती महामार्गामुळे या पट्ट्यात बिनशेती भूखंडांचे आराखडे वाढणे अपेक्षित आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या आराखड्यात किमान १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. त्या खुल्या जागेत हिरवळ, झोपाळे, चालण्याची वाट हे सारे येते, आणि तिच्या देखभालीची जबाबदारीही स्पष्टपणे लिहिलेली असते. फक्त ती जागा त्या आराखड्यातील भूखंडधारकांच्या सामाईक वापरासाठी असते. म्हणजे नियमांप्रमाणे आखलेले, कुंपणाचे आणि राखणदाराचे पहिले उद्यान मासवणच्या परिसरात येण्याची शक्यता जेथे सर्वाधिक आहे, तेथे शेजारच्या पाड्यावरील मुलांना पाऊल ठेवण्याचा हक्क आजच्या नियमावलीत नाही.