बागबाजारात आम्ही ‘बर्गी’

माझी धाकटी जाऊ जर्मनीत असते. मध्यंतरी ती, भाऊजी आणि मुले गाडी घेऊन फिरायला निघाली. सकाळचा नाश्ता जर्मनीत केल या गावी. ऱ्हाईन नदीवरचा पूल ओलांडला की लगेच स्ट्रासबुर्ग, तिथे फ्रेंच. मग स्वित्झर्लंडमध्ये बाझलला पुन्हा जर्मन आणि रात्री मुक्कामाला लुगानो, तर तिथे इटालियन. “एका दिवसात तीन देश आणि तीन भाषा, वहिनी!” फोनवर तिचा उत्साह मावत नव्हता. आमच्या घरात दोन दिवस हळहळ चालली होती. शेवटी हे म्हणाले, “आपणही जाऊ की! नागपूरहून कोलकात्याला, आपल्याच गाडीने.” ह्यांचे एक जुने सहकारी निवृत्त होऊन बागबाजारला राहतात. त्यांचे आमंत्रण बरीच वर्षे तसेच पडून होते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. आम्ही दोघे, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. रस्ता जुना सहा नंबरचा हायवे, अकराशे किलोमीटरच्या वर. घाई करायची नाही असे ठरवून तीन दिवस ठेवले होते.

देवरी सोडले की छत्तीसगड लागते. पाट्या देवनागरीतच, त्यामुळे मुलांना काही बदललेसे वाटेना. पण सासूबाईंचा कान तयार. भिलाईला चहा घेताना म्हणाल्या, “इथे ‘ळ’ हरवला गं!” खरेच, केळ्याचा केला झाला होता आणि पाण्याचे पानी. बरगडच्या आसपास पाट्यांवरची अक्षरे गोल गोल झाली. पूर्वी ताडपत्रावर टोकदार लेखणीने कोरून लिहीत, सरळ रेघ ओढली तर पान फाटे, म्हणून ही गोलाई, असे सांगतात. आणि संबलपूरच्या खानावळीत आमचा ‘ळ’ परत भेटला! ओडियात फळाला फळच म्हणतात, आणि पाण्याला चक्क ‘पाणी’, आपल्या ‘ण’सकट. सासूबाई खूश होऊन वाढप्याला म्हणाल्या, “आळूची भाजी आहे? आणा मग.” आली ती बटाट्याची रस्सा भाजी. ओडियात आळू म्हणजे बटाटा! मुलगी वहीत लिहून ठेवत होती: नागपूरला मुरमुरे, रायपूरला मुर्रा, संबलपूरला मुढी, कोलकात्यात मुडी.

देवगड, केंदुझर हा सगळा जंगलाचा आणि घाटांचा रस्ता. ट्रकच्या मागे ट्रक, त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

बहरागोडाच्या अलीकडे सुवर्णरेखा नदी लागते. पूल पार झाल्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली. १७५१ साली बंगालचा नवाब अलिवर्दी खान आणि नागपूरकर रघुजी भोसले यांचा तह झाला. नवाबाने बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये द्यायचे आणि मराठ्यांनी ही नदी ओलांडायची नाही. पुढे १८०३ पर्यंत ओडिशा भोसल्यांकडे होता. आमच्या चिरंजीवांनी शाळेत नुकतेच ‘शिवछत्रपती’ वाचलेले. “म्हणजे इथपर्यंत आपलंच राज्य होतं!” म्हणून त्याने नदीकाठी आरोळी ठोकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बागबाजार. जुनी घरे, लाकडी झडपांच्या खिडक्या, पलीकडे गंगेचा घाट. पाण्याचे इथे ‘जल’ झाले, तेही ‘जोल’ असे उच्चारून. नवीनचंद्र दासांनी १८६८ साली याच वस्तीत रसगुल्ला केला असे बंगाली माणूस अभिमानाने सांगतो. तो प्लेटमध्ये आमच्या आधीच हजर होता.

रात्री यजमानांच्या आई, ज्यांना सगळे ठाकुमा म्हणत, पणतीला मांडीवर घेऊन झोपवत होत्या. गाण्यात एक शब्द सारखा येई: ‘बर्गी’. मुलाने विचारले, “बर्गी म्हणजे काय?” यजमानीणबाई गडबडल्या. ह्यांनीच सांगितले. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा मराठा स्वार, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो. त्याच बारगिराचा बंगालीत ‘बर्गी’ झाला. झोप नाहीतर बर्गी येईल!

१७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे भोसल्यांचे स्वार बंगालात येत राहिले. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनापती. १७४४ मध्ये नवाबाने त्यांना बोलणी करायला म्हणून बोलावून दगा देऊन मारले, हे आपल्याकडे सांगतात. पण त्याआधी गावे कशी जळली, माणसे कशी पळाली, ते गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात लिहून ठेवले आहे. ते आपल्याकडे फारसे कुणी वाचत नाही. बर्गींच्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो याच बागबाजारपासून. सात मैलांचा बेत, सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि काम तिथेच राहिले. १७५६ साली सिराज-उद-दौला आला, तेव्हा या अर्ध्या खंदकाने त्याला काही अडवले नाही.

मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “पण महाराजांच्या सैन्याला तर रयतेला त्रास द्यायची बंदी होती ना?”

सासूबाई म्हणाल्या, “महाराज १६८० सालीच गेले रे बाळा. हे पुढचं.” हे म्हणाले, लढाई म्हटली की असे व्हायचेच. मला ते पटले नाही, आणि मी तसे तिथेच बोलले.

यजमानांनी मग विषय फिरवला, पण छान फिरवला. सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घरात, देवघरच्या बाजूला १८६९ साली जन्मले आणि बंगालीत लिहू लागले. त्यांचे ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये आले. १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजवण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि रवींद्रनाथांनी त्यासाठी कविता लिहिली. १९०६ च्या उत्सवाला स्वतः टिळक आले होते. ठाकुमांना हे सगळे ठाऊक होते. त्यांना महाराज वेगळे आणि बर्गी वेगळे. त्यात त्यांना काही अडचण वाटत नव्हती.

मुलाने मोडक्या हिंदीत त्यांना विचारले, “आपको अभी भी डर लगता है?” सुनेने अर्थ सांगितला. ठाकुमा इतक्या हसल्या की मांडीवरची पणती जागी झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘मराठा डिच लेन’ पाहायला गेलो. खंदक कधीच बुजला आहे. आता नुसती एक गल्ली, स्कूटर आणि वाळत घातलेले कपडे. पाटीखाली उभे करून मी मुलांचा फोटो काढणार होते. मुलगी उभी राहिली. मुलगा म्हणाला, “मी काढतो, तू पण उभी राहा.”