वरची लब्धी, खालचा गुण

यंत्राकडून प्रोग्राम लिहून घेताना प्रश्न नीट मांडला की काम भागते, असा समज रूढ होत आहे. माझे म्हणणे असे की उत्तराचे रूपही तितक्याच काटेकोरपणे आधी ठरवावे लागते. याचा जुना धडा खानदेशाशी नाते असलेल्या एका ग्रंथात सापडतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला, असे तो सांगतो. आचार्यांच्या जन्मस्थानाचा वाद मी बाजूला ठेवतो. त्यांची विद्या या भूमीत शिकवण्याची व्यवस्था झाली, एवढे येथे पुरे.

‘लीलावती’तील कुट्टकाचे एक उदाहरण १३ ने संक्षिप्त केले तर असे होते : १७ ला कोणत्या संख्येने गुणून ५ मिळवले असता १५ ने निःशेष भाग जाईल? १७ ला १५ ने भागले की भागाकार १, बाकी २. १५ ला २ ने भागले की भागाकार ७, बाकी १. हे भागाकार एकाखाली एक मांडायचे, त्यांच्याखाली ५ आणि तळाशी शून्य. ही झाली वल्ली : १, ७, ५, ०. आता खालून वर जायचे. ७ गुणिले ५ अधिक ० म्हणजे ३५. १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. वर ४०, खाली ३५ उरले.

गंमत अशी की हे उत्तर चूक नाही. ३५ ला १७ ने गुणून ५ मिळवले की ६०० येतात, आणि ते १५ च्या ४० पट आहेत. तरी आचार्य येथे थांबत नाहीत. वरच्या संख्येला १७ ने आणि खालच्या संख्येला १५ ने भागून बाकी घ्यायची : ६ आणि ५. वरची लब्धी, खालचा गुण. अनंत उत्तरांतून लहानातले लहान निवडले गेले आणि कोणते कुठे वाचायचे हेही ठरले. जागा बदलून ६ ने गुणाल तर १०७ येतील; त्यांना १५ ने भाग जात नाही. भागाकारांची संख्या विषम असेल तर काय करायचे, याचाही वेगळा नियम आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रोग्रामांनी हीच शिस्त पाळली. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात तयार केलेले ‘याक’ हे साधन व्याकरणाचे नियम घेऊन सी भाषेतील प्रोग्राम लिहून देते. त्यातील मुख्य फंक्शनचे नाव ठरलेले असते. वाक्य व्याकरणात बसले तर ते ० परत देते, न बसल्यास १. म्हणून इतरांना आपले प्रोग्राम त्याला निर्धास्त जोडता येतात.

आज आपण साध्या मराठीत यंत्राला सांगतो, ‘केळीच्या पट्टीचा हिशेब करणारा प्रोग्राम लिही.’ वजन किलोत की क्विंटलमध्ये? रक्कम रुपयांत की पैशांत? दर रिकामा असेल तर शून्य धरायचा की थांबायचे? प्रोग्रामबरोबर स्पष्टीकरण हवे, की निव्वळ प्रोग्राम? हे न सांगितल्यास यंत्र आपल्या मनाने काहीतरी धरून चालते. तो हिशेब माणूस वाचणार असेल तर तो अडखळून विचारील. पुढे दुसरा प्रोग्रामच वाचणार असेल तर कोणी विचारणार नाही आणि किलोचा आकडा क्विंटलच्या दराने गुणला जाऊन शेतकऱ्याच्या पट्टीवर शंभरपट रक्कम छापली जाईल.

रूप ठरले म्हणजे उत्तर बरोबर आले असे मात्र नाही. ते तपासता येण्याजोगे होते, इतकेच. १७ गुणिले ५ अधिक ५ म्हणजे ९०, भागिले १५ म्हणजे ६. हा पडताळा अर्ध्या ओळीत होतो, कारण गुण कोणता आणि लब्धी कोणती हे आधीच ठरलेले आहे.