शीतगृहातल्या सेन्सरचा आकडा हवेतून पाठवताना

द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते. हे दोन आकडे मोजणारे सेन्सर आता सहज मिळतात. अवघड काम आहे ते आकडे खोलीबाहेर काढण्याचे. शीतगृहाच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेला पॉलियुरेथेनचा फेस. फेस उष्णता अडवतो आणि पत्रे रेडिओलहरी अडवतात, त्यामुळे अँटेना आत ठेवून भागत नाही. सेन्सर आत, त्याची तार पॅनेलमधून बाहेर आणि बाहेरच्या भिंतीवर एक छोटी डबी, अशी रचना करावी लागते. तारेवर आलेला आकडा उचलून रेडिओने पाठवणारी ही डबी म्हणजे वायरलेस कन्व्हर्टर. ती भिंतीला ठोकायला पाच मिनिटे पुरतात. खरे काम असते तिच्यात योग्य मूल्ये भरण्याचे, कारण समोर कोणता सेन्सर आहे, तो कोणत्या वेगाने बोलतो आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ काय, यातले काहीच तिला आपणहून कळत नाही.

सेन्सर आणि कन्व्हर्टर यांच्यातला संवाद सिरियल असतो, म्हणजे बिट एकामागून एक पाठवले जातात. ही रीत तारायंत्राच्या काळापासूनची आहे. तिच्या वेगाचे एकक, बॉड, एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. सेन्सरचा वेग ९६०० बॉड असेल तर एक बिट तारेवर साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. दोन्ही टोकांना एकच ठेका देणारी घड्याळाची वेगळी तार येथे नसते. प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभ-बिट येतो, तो दिसताच घेणारा आपले घड्याळ सुरू करतो, आठ बिट मोजतो आणि शेवटचा थांबा-बिट पाहून पुन्हा वाट पाहू लागतो. सेन्सर ४८०० ने बोलत असेल आणि कन्व्हर्टर ९६०० ने ऐकत असेल, तर प्रत्येक बिट दोनदा वाचला जातो आणि हाती निव्वळ कचरा येतो. म्हणून बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट) आणि थांबा-बिट ही चार मूल्ये दोन्हीकडे तंतोतंत सारखी असावी लागतात. माहितीपत्रकात ती बहुधा ‘९६००, ८, एन, १’ अशी एका ओळीत दिलेली असतात. यातला ‘एन’ म्हणजे पॅरिटी नाही.

तारेचे मानक साधारणपणे आरएस-४८५ असते. १९८३ साली आलेले हे मानक चाळीस वर्षांनंतरही कारखान्यांत टिकून आहे, आणि त्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. दोन तारांपैकी एकीवरचा व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत किती, हे येथे पाहिले जात नाही. दोन तारांमधला फरक पाहिला जातो. फरक २०० मिलिव्होल्ट असला तरी घेणाऱ्याला तो ओळखता येतो. कॉम्प्रेसरची मोटर किंवा तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह जवळ असला की तारांवर विद्युत गोंगाट चढतो, पण एकमेकींभोवती पिळलेल्या दोन्ही तारांवर तो जवळपास सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. कमी वेगावर हा संदेश १२०० मीटरपर्यंत नेता येतो. लांब तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध जोडतात, म्हणजे टोकावर आदळून संदेश परत फिरत नाही. शीतगृहातल्या दहा-पंधरा मीटर तारेला ९६०० बॉडवर त्याची गरज भासत नाही, आणि बॅटरीवर चालणाऱ्या डबीला तो नाहक भार होतो. दोन तारांना ए आणि बी म्हणतात, पण कोणत्या तारेला कोणते नाव द्यायचे याबाबत उत्पादकांत एकमत नाही. जोडणी करूनही सेन्सर गप्प राहिला तर आधी या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. उलट जोडल्याने यंत्र बिघडत नाही. सेन्सर आणि कन्व्हर्टर वेगवेगळ्या पॉवर सप्लायवर असतील तर मात्र दोघांची ऋण तार एकमेकांना जोडणे विसरू नये.

तार जुळली, वेग जुळला, तरी सेन्सर आपणहून बोलत नाही. त्याला विचारावे लागते. विचारण्याची भाषा बहुतेक वेळा मॉडबस असते. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ साली आपल्या कारखानदारी नियंत्रकांसाठी ती तयार केली. या भाषेत एक मास्टर प्रश्न विचारतो आणि ज्याचा क्रमांक पुकारला गेला तोच स्लेव्ह उत्तर देतो. क्रमांक १ ते २४७ पर्यंत असू शकतात. नवे सेन्सर बहुधा १ हाच क्रमांक घेऊन येतात, त्यामुळे एकाच तारेवर दोन नवे सेन्सर जोडले की दोघे एकदम उत्तर देतात आणि दोघांचेही बोलणे फुकट जाते. प्रत्येक सेन्सर एकेकटा जोडून त्याचा क्रमांक आधीच बदलून घेणे, आणि तो सेन्सरवर कायमच्या शाईने लिहून ठेवणे, हाच यावरचा उपाय.

प्रश्न कसा असतो ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. सोळाच्या पायावरील आकड्यांत तो असा दिसतो: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पहिला बाइट सेन्सरचा क्रमांक. दुसरा, ०३, म्हणजे ‘साठवलेली रजिस्टरे, म्हणजे सेन्सरच्या स्मृतीतली दोन-दोन बाइटांची घरे, वाच’. पुढचे दोन सांगतात की शून्य क्रमांकाच्या रजिस्टरपासून सुरुवात कर, त्यापुढचे दोन सांगतात की दोन रजिस्टरे दे. शेवटचे दोन बाइट तपासणीचे आहेत. आधीच्या सहा बाइटांवर ठरावीक गणित करून ते काढलेले असतात, आणि वाटेत एक बिट जरी बदलला तरी सेन्सर प्रश्न टाकून देतो. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये पहिले सहा बाइट भरले की तपासणीचे दोन ते स्वतः जोडतात. ही सोय चालू आहे की बंद हे पाहून घ्यावे, नाहीतर ते दोन बाइट दोनदा लागतात किंवा लागतच नाहीत.

रजिस्टरच्या क्रमांकात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. जुन्या रिवाजाप्रमाणे माहितीपत्रकात पहिले रजिस्टर ४०००१ असे छापतात, तारेवर मात्र त्याचाच क्रमांक शून्य असतो. काही उत्पादक छापतानाच शून्यापासून मोजतात, काही एकपासून. समजा सेन्सरच्या शून्य रजिस्टरमध्ये आर्द्रता आणि एक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये तापमान आहे, आणि वाचन एका घराने पुढे सरकले. आर्द्रतेच्या जागी तापमान येईल. सेन्सरमध्ये ते रजिस्टर असल्यामुळे तो तक्रार करणार नाही, तपासणीचे बाइटही बरोबर असतील. नसलेले रजिस्टर मागितले तरच सेन्सर ०३ ऐवजी ८३ या खुणेने नकार कळवतो. नकार आला तर बरेच, कारण चूक लगेच उघडी पडते. चुकीच्या घरातला दिसायला ठीक असलेला आकडा महिनोन्‌महिने चालून जाऊ शकतो.

मोठ्या किंवा दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागलेल्या असतात, आणि आधी कोणता अर्धा पाठवायचा हे मॉडबसच्या मानकाने बांधून दिलेले नाही. उदाहरणार्थ, वीजमीटर २३० व्होल्ट ही संख्या सोळाच्या पायावर ४३६६ आणि ०००० अशा दोन अर्ध्यांत देतो. अर्धे उलट लावून वाचले तर येणारी संख्या शून्यापासून ओळखू येऊ नये इतकी लहान असते.

आता प्रश्न विचारायचा कोणी? वायफाय कन्व्हर्टरमध्ये दोन पर्याय असतात. एकात डबी फक्त नळी बनते: दूरच्या संगणकाने पाठवलेले बाइट जसेच्या तसे तारेवर जातात आणि उत्तर तसेच परत येते. दुसऱ्यात डबीच मास्टर होते आणि ठरल्या वेळी स्वतः प्रश्न विचारते. वायफायवर दोन्ही चालतात. लोरावॅनसारख्या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवर पहिला पर्याय संपतो. तेथे बॅटरी वाचवण्यासाठी डबी बहुतांश वेळ झोपलेली असते, आणि संदेश पाठवल्यानंतर साधारण एक व दोन सेकंदांनी उघडणाऱ्या दोन छोट्या खिडक्यांतच ऐकते. दूरच्या संगणकाचा प्रश्न पुढच्या पाठवणीपर्यंत थांबून राहील. म्हणून प्रश्न डबीच्या स्मृतीतच लिहून ठेवावे लागतात.

हे लिहिण्यासाठी डबी यूएसबी-सिरियल केबलने लॅपटॉपला जोडतात आणि ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा टंकतात. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही पद्धत आजही वापरात आहे. प्रश्नाबरोबर आणखी तीन गोष्टी द्याव्या लागतात. सेन्सरला वीज दिल्यावर तो स्थिर व्हायला किती वेळ द्यायचा, उत्तराची वाट किती मिलिसेकंद पाहायची, आणि उत्तरातले कोणते बाइट पुढे पाठवायचे. वरच्या प्रश्नाचे उत्तर नऊ बाइटांचे येते: क्रमांक, काम, लांबी, मग आकड्यांचे चार बाइट आणि तपासणीचे दोन. पाठवण्यासारखे फक्त चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे. स्थिर होण्याचा वेळ कमी पडला तर पहिले वाचन चुकीचे येते किंवा येतच नाही; टेबलावर सेन्सर सतत चालू ठेवून चाचणी घेतली असेल तर हा दोष तेथे दिसणार नाही.

चारच बाइट पाठवण्याचा आग्रह कंजूषपणाचा नाही. लोरावॅन ज्यावर चालते ते लोरा तंत्र ग्रेनोबलमधल्या सिक्लिओ या छोट्या कंपनीत तयार झाले आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. या तंत्रात वेग देऊन अंतर मिळवता येते. प्रसार-गुणांक ७ वरून १२ वर नेला की क्षीण संदेशही पकडता येतो, पण दहा बाइटांची माहिती पाठवायला जेथे सुमारे ६० मिलिसेकंद लागत होते तेथे जवळपास दीड सेकंद लागतो. तेवढा वेळ हवा अडते आणि बॅटरीही खर्च होते. १२ या गुणांकावर एका संदेशात माहितीचे ५१ बाइटच मावतात.

भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. अमेरिकेसाठी बनवलेला कन्व्हर्टर ९०२ ते ९२८ वर बोलतो. त्याची अँटेनाही त्याच पट्ट्याची असते. खरेदी करतानाच भारतीय पट्टा मागून घ्यावा आणि डबीचे संदेश पकडून सर्व्हरकडे पोहोचवणाऱ्या गेटवेतही तोच निवडावा. नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी डबीला ६४ बिटांचा ओळखक्रमांक आणि १२८ बिटांची गुप्त किल्ली लागते. दोन्ही सर्व्हरवर नोंदवावी लागतात. किल्लीतले एक अक्षर चुकले तर डबी प्रवेश मागत राहते आणि दार उघडत नाही. या किल्लीचे स्टिकर डबीवर दर्शनी भागात चिकटवून ठेवणे धोक्याचे आहे. ते काढून सुरक्षित जागी ठेवावे.

सर्व्हरवर चार बाइट पोहोचतात: ०३ ९डी एफएफ एफसी. पहिल्या दोघांची किंमत ९२५. सेन्सर आकडा दहापट करून देतो, म्हणून दहाने भागले की आर्द्रता ९२.५ टक्के. पुढच्या दोघांची किंमत सरळ वाचली तर ६५५३२ येते, म्हणजे तापमान ६५५३.२ अंश. शीतगृहात ते अशक्य. ऋण संख्या दर्शवण्याच्या पद्धतीनुसार ३२७६७ पेक्षा मोठ्या किमतीतून ६५५३६ वजा करायचे असतात. उरतात उणे ४, म्हणजेच उणे ०.४ अंश. ही वजाबाकी सर्व्हरवरच्या छोट्या प्रोग्राममध्ये लिहावी लागते. उन्हाळ्यात खोलीबाहेर चाचणी घेतलेल्या प्रोग्राममध्ये ती राहून गेली तर पहिल्या थंड रात्रीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

सगळ्यात गंभीर धोका शून्याचा आहे. सेन्सरने उत्तर दिले नाही तर डबीने काय पाठवायचे? सोपे म्हणून पुष्कळ जण शून्य पाठवण्याची सोय ठेवतात. द्राक्षाच्या शीतगृहात शून्य अंश म्हणजे सर्व काही उत्तम. तार तुटलेली, आत फळ तापत असलेले, आणि मोबाइलवर मात्र हवा तोच आकडा, अशी अवस्था त्यातून ओढवते. मौनासाठी तापमान म्हणून कधीच येणार नाही अशी वेगळी खूण ठेवणे येथे बंधनकारक मानले पाहिजे. सोळाच्या पायावर ७एफएफएफ, म्हणजे ३२७६.७ अंश, ही त्यासाठी चांगली निवड आहे. उत्तर आले नाही म्हणून मागचाच आकडा पुन्हा पाठवणारी डबीही तितकीच घातक. प्रत्येक लोरावॅन संदेशाला चढता अनुक्रमांक असतो, त्यामुळे मधले किती संदेश हवेत हरवले हे सर्व्हरला कळते. डबी पूर्णच बंद पडली तर ‘अर्ध्या तासात संदेश नाही’ असा इशारा सर्व्हरवरच लावावा लागतो.

जोडणीचा क्रम सांभाळला तर दोष शोधणे सोपे जाते. आधी कन्व्हर्टर बाजूला ठेवून सेन्सर लॅपटॉपला जोडावा आणि बरोबर उत्तर देणारा प्रश्न शोधावा. मग तोच प्रश्न डबीत भरून उत्तराचे बाइट तारेवरच तपासावेत. रेडिओ त्यानंतर सुरू करावा. शेवटची चाचणी पूर्ण साखळीची: सेन्सरची कांडी पाणी शिरू नये अशी पिशवीत बांधून बारीक बर्फ व पाण्याच्या काल्यात पंधरा मिनिटे बुडवावी आणि मोबाइलवर शून्याजवळचा आकडा येतो का पाहावा. नंतर ती मुठीत धरून आकडा चढतो का पाहावे, आणि डबीतून सेन्सरची तार उपसून ठरलेली खूण व इशारा येतो की नाही याची खात्री करावी. बॉड रेट, स्लेव्ह क्रमांक, रजिस्टर, गुणक, बाइटांचा क्रम आणि मौनाची खूण ही सहा मूल्ये कागदावर लिहून विजेच्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली की सेन्सर बदलायला येणाऱ्याला ती पुन्हा शोधावी लागत नाहीत.