ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचंय? मग फॉर्मच्या आधी विषय पाहा

मीरा रोडच्या नयानगरमधली एक मुलगी तिच्या अम्मीला घेऊन आमच्याकडे आली होती. मानसशास्त्र घेऊन बीए झालेली, मार्कही चांगले. तिच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला थेरपीला नेणं-आणणं, घरी व्यायाम करून घेणं, हे सगळं तिनेच केलेलं. त्यामुळे तिला ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करायचं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या खालाने तिला फोनवर सांगितलं होतं, "डिग्री कुठलीही चालते, फक्त प्रीरिक्विझिट विषय पूर्ण कर." मुलीला वाटलं, मुंबईतही असंच असेल. घोळ झाला तो इथेच.

खालाचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते अमेरिकेपुरतं खरं होतं. आपल्याकडे या शिक्षणाचा दरवाजा पदवीनंतर नाही, तर अकरावीतच उघडतो आणि बहुतेकांसाठी तिथेच बंद होतो. हा फरक वेळेवर न कळल्यामुळे मुलांची वर्षं वाया जातात. म्हणून हा लेख.

हे काम नेमकं कोणतं?

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. इथे 'व्यवसाय' म्हणजे नोकरीधंदा नव्हे, तर माणूस दिवसभरात जी जी कामं करतो ती सगळी. लकवा मारलेल्या आजोबांना एका हाताने वुजू कसा करायचा, खुर्चीवर बसून नमाज पढताना तोल कसा सांभाळायचा, हे शिकवणं या कामात येतं. हाताचं हाड जुळल्यानंतर पोळी लाटायची ताकद परत आणणं, ऑटिझम असलेल्या मुलाला बटण लावायला किंवा पेन्सिल धरायला शिकवणं, अपघातानंतर कामावर परतणाऱ्याची तयारी करून घेणं, हेही त्यातच येतं. फिजिओथेरपीचा भर स्नायू, सांधे आणि हालचालीवर असतो. ऑक्युपेशनल थेरपीचा प्रश्न वेगळा असतो: या माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा कसं करता येईल?

आपल्या वस्तीत याची गरज किती आहे, हे ज्यांच्या घरी असं मूल किंवा असं आजारपण आहे त्यांना विचारा. घरातल्या बाईमाणसासाठी महिला थेरपिस्ट हवी, असं अनेक कुटुंबांना वाटतं. पण या क्षेत्रात जाणाऱ्या मुली आपल्याकडे कमीच दिसतात.

सुरुवात मुंबईतूनच

या विषयाचं भारतातलं शिक्षण आपल्याच शहरात सुरू झालं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

आज महापालिकेच्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम आहे: परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तो चालतो. मीरा-भाईंदरच्या मुलामुलींना पहिली तिन्ही ठिकाणं लोकलने गाठता येतात. नायरसाठी थेट मुंबई सेंट्रल, केईएमसाठी प्रभादेवीला उतरून परळच्या बाजूला चालत, आणि सायनसाठी दादरला गाडी बदलायची. म्हणजे हॉस्टेलशिवायही शिकता येतं. मुलींच्या बाबतीत घरच्यांचा पहिला प्रश्न अनेकदा हाच असतो.

इथला रस्ता: अकरावीपासून

महाराष्ट्रात बीओटीएच, म्हणजे व्यवसायोपचाराची पदवी, करायची तर बारावी सायन्सला इंग्रजीबरोबर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे विषय हवेत. त्याशिवाय नीट परीक्षा द्यावी लागते. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत, नीटच्या गुणवत्तेवर होतात. आपल्याकडचे 'प्रीरिक्विझिट' म्हणजे हेच तीन विषय. मॅथ्स या यादीत नाही.

बरीच मुलं इथे एका ठिकाणी फसतात. अकरावीत बायफोकलचा कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेतला की त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. तो सुटलेला विषय अनेकदा बायोलॉजीच असतो. सोळा वर्षांच्या मुलाला तेव्हा वाटतं, एक ओझं कमी झालं. दोन वर्षांनी मेडिकलच्या बाजूचं काही करायची इच्छा झाली, तर फॉर्मच भरता येत नाही. त्यामुळे पालकांना आमचं एकच सांगणं आहे. मुलाचा कल अजून ठरलेला नसेल, तर बायोलॉजी सोडायची घाई करू नका.

नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असतात, म्हणजे निम्मी परीक्षा. ही परीक्षा १३ भाषांमध्ये होते आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही आहेत. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलांच्या घरी हे अनेकदा माहीतच नसतं. प्रश्नपत्रिकेची भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते, नंतर बदलता येत नाही.

कागदपत्रं हीसुद्धा पूर्वतयारीच

विषय आणि मार्क असूनही कागदपत्रांसाठी जागा हातची जाते. मोमीन, जुलाहा, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण सवलत मिळवायला जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा मागतात. मीरा रोडला राहणारी कित्येक कुटुंबं उत्तर प्रदेश-बिहारमधून नंतर आलेली आहेत, तिथे ही अडचण येते. कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेल्यांनी आजोबांच्या शाळेचा दाखला गावातून आत्ताच मागवून ठेवावा. वैधता समितीचं काम महिनोन्महिने चालतं, त्यामुळे ते अकरावीतच सुरू करायला हवं. जे कुठल्याच आरक्षणात बसत नाहीत, त्यांनी उत्पन्नाच्या आधारावर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो का ते तहसील कार्यालयात विचारावं.

मुलींसाठी एक दिलासा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात जाणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. "फी परवडणार नाही" म्हणून मुलीचं नाव खाली घेण्याआधी हे एकदा तपासा.

बायोलॉजी सुटली असेल तर?

रस्ता अवघड होतो, पण संपत नाही. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पूर्ण करणाऱ्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नीटसाठी मोकळीक दिली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, प्रात्यक्षिकांसह हा विषय करता येतो. नीटला आता कमाल वयाची अटही नाही, ती २०२२ मध्ये काढून टाकली. मात्र वैद्यकीय आयोगाचा निर्णय डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी आहे. बीओटीएचची पात्रता सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत लिहिलेली असते. एनआयओएसची फी भरण्याआधी पुस्तिकेतलं ते पान वाचा आणि शंका असेल तर सेलला लेखी विचारा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी नवा राष्ट्रीय आयोग आला आहे, त्यामुळे नियम बदलत आहेत. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला जे चाललं, ते यंदा चालेलच असं नाही.

पदवीनंतर: दोन देश, दोन हिशेब

आता त्या बीए झालेल्या मुलीकडे येऊ. महाराष्ट्रात एमओटीएच करायचं तर आधी बीओटीएच हवं. त्यानंतर राज्याची पीजीओ-सीईटी द्यावी लागते. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा बीएस्सीच्या जोरावर इथे थेट मास्टर्सला जाता येत नाही. काही विषय वरून करून ही अट भरून निघत नाही.

अमेरिकेत उलट आहे. तिथे हे शिक्षण पदवीनंतरच सुरू होतं, मास्टर्स किंवा डॉक्टरेट म्हणून. पहिली पदवी कशातली हे फारसं बघत नाहीत, पण ठरावीक विषय झालेले असावे लागतात. विद्यापीठागणिक यादी बदलते, तरी सर्वसाधारणपणे हे विषय येतात: शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र (दोन सत्रं, प्रयोगशाळेसह), संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र. काही ठिकाणी वैद्यकीय परिभाषेचा छोटा कोर्सही मागतात. थेरपिस्टचं काम प्रत्यक्ष पाहिल्याचे तासही अनेक विद्यापीठं विचारतात.

ही यादी आम्ही त्या मुलीच्या मार्कशीटशेजारी ठेवली. मुंबई विद्यापीठाच्या बीए मानसशास्त्रात तिने विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र आणि मानसशास्त्रीय चाचण्या व संख्याशास्त्र हे पेपर केले होते. पहिल्या वर्षाला समाजशास्त्रही होतं. म्हणजे कागदावर निम्मी यादी झालेली होती. राहिलं ते शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, आणि नेमकं तेच सगळ्यात जड.

हे विषय पूर्ण करताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, आधी विद्यापीठ निवडा, मग विषय करा. एका ठिकाणी चालणारा ऑनलाइन कोर्स दुसरीकडे चालत नाही. प्रयोगशाळेचा भाग ऑनलाइन केलेला तर अनेक जण नाकारतात. विद्यापीठाला ईमेल करून "हा कोर्स धराल का?" असं विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरी, नुसतं पास होणं पुरत नाही. प्रत्येक विषयात किमान ग्रेड ठरलेली असते, कुठे सी तर कुठे बी. शिवाय विषय फार जुना असेल, म्हणजे पाच-दहा वर्षांपूर्वीचा, तर तो बाद धरणारी विद्यापीठं बरीच आहेत.

तिसरी, कॉलेजातून प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत घ्या आणि विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढा. आपला पेपर त्यांच्या विषयाशी जुळतो, हे त्यावरूनच सिद्ध होतं. आपली तीन वर्षांची पदवी त्यांच्या चार वर्षांच्या पदवीइतकी न मानणारी विद्यापीठंही आहेत. ते कळल्याशिवाय अर्जाची फी भरू नका.

चौथी, एखाद-दुसरा विषय बाकी असतानाही अर्ज घेणारी विद्यापीठं आहेत, पण वर्ग सुरू होण्याआधी तो पूर्ण व्हावा लागतो. त्यामुळे किमान वर्ष-दीड वर्षाचा हिशेब आधीच मांडा.

ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांची प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी असते. तिथे विषयांच्या यादीपेक्षा पदवीचे गुण, या कामाची समज आणि अनुभव यावर जास्त भर असतो. आणखी एक. परदेशात शिकून मुंबईत परत येऊन काम करायचं असेल, तर इथल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत आपली नोंदणी होईल का, हे जाण्याआधीच विचारा. परत आल्यावर विचारून उपयोग नाही.

जवळचे दुसरे दरवाजे

परदेशाचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, आणि व्याजाचं कर्ज नको म्हणणारी घरंही आपल्यात आहेत. अशा पदवीधरांनी विशेष शिक्षणातलं बीएड किंवा मानसशास्त्रात पुढचं शिक्षण यांचा विचार करावा. बारावी सायन्स झालेल्यांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे वाचा आणि श्रवण क्षेत्रातले अभ्यासक्रम चालतात. काम अशाच मुलांसोबतचं आहे, हुद्दा वेगळा आहे. मात्र "सहा महिन्यांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हा" अशा जाहिरातींपासून लांब राहा. अशा सर्टिफिकेटवर परिषदेत नोंदणी होत नाही.

त्या मुलीने अजून ठरवलेलं नाही. सध्या ती एका सेंटरमध्ये आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्टचं काम बघायला जाते, तास वहीत लिहून त्यावर सही घेते. एकीकडे तीन विद्यापीठांना ईमेल गेले आहेत.

उठता उठता तिच्या अम्मीने विचारलं, "हिची धाकटी बहीण दहावीला आहे. तिलाही हेच करायचंय. तिने आता काय करायचं?"

आम्ही म्हटलं, "आपा, अकरावीचा फॉर्म भरताना बायोलॉजी ठेवा. आणि गावाहून तिच्या दादांचा शाळेचा दाखला याच सुट्टीत मागवून घ्या."