वादळ ओसरले, नदी चढली

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उन्मळलेली झाडे आणि उडालेली छपरे येतात. नदी सहसा आठवत नाही. १४ सप्टेंबर २०१८ रोजी 'फ्लॉरेन्स' नावाचे हरिकेन (अटलांटिकमधल्या मोठ्या चक्रीवादळाला तिकडे हेच म्हणतात) अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्याला धडकले आणि तिथेच रेंगाळले. एलिझाबेथटाऊनला सुमारे ३६ इंच पाऊस झाला. पुढे वादळ विरले, आकाश निवळले. पण नद्या चढतच होत्या!

हा प्रकार पाहायचा तर जलमापक केंद्रांकडे वळावे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची अशी हजारो केंद्रे नद्यानाल्यांवर आहेत. पहिले १८८९ साली रिओ ग्रांदे नदीवर एम्बुडो येथे सुरू झाले. आता बहुतेक केंद्रे दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची नोंदवतात व उपग्रहामार्फत कळवतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, याकडे कान लावून बसणाऱ्या कोल्हापूरकरांना त्या आकड्याचे मोल सांगायला नकोच. पण सुटा आकडा म्हणजे एका क्षणाची बातमी. आडव्या रेषेवर दिवस नि उभ्या रेषेवर फूट मांडले, की नदीचा स्वभाव दिसू लागतो. पूर 'चढतो' आणि 'ओसरतो' ही आपली क्रियापदे किती नेमकी आहेत, हे तो आलेख पाहून पटते.

डोंगरी ओढ्याची रेषा सुळक्यासारखी वर जाते आणि तशीच कोसळते. सखल मुलखातल्या नदीची मात्र हत्तीच्या पाठीसारखी. साउथ कॅरोलायनातील कॉनवे गावी वॉकमॉ नदी २१.१६ फुटांवर पोहोचली ती २६ सप्टेंबरला, म्हणजे वादळ धडकल्यावर तब्बल बारा दिवसांनी! तिथे ११ फुटांवर पूर मानतात. २०१६ च्या 'मॅथ्यू' वादळातही पाणी १८ फुटांच्या आत राहिले होते. वरच्या अंगाच्या केंद्रांचे आलेख एकाखाली एक ठेवले, तर तोच फुगवटा दिवसादिवसाने खाली सरकताना दिसतो. त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो, आणि सामान हलवायला सवड मिळते.

डोंगरात ही सवड नसते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी 'हेलीन' वादळाच्या पावसाने ॲशव्हिलजवळची स्वानानोआ नदी बिल्टमोर येथे २६ फुटांवर गेली. १९१६ चा उच्चांक पाच फुटांनी मागे पडला. त्या भागातली काही मापक केंद्रे पुरातच निकामी झाली. अशा ठिकाणी रेषा चढता चढता मध्येच तुटते. मग पाणी कुठवर गेले होते, हे माणसांना भिंतींवरच्या चिखलाच्या खुणा शोधून मोजावे लागते.