सुतक कोणाचं?

२२ फेब्रुवारी २००९ ला लक्ष्मण देशपांडे गेले. आमच्या नरखेड तालुक्यात तेव्हा मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होती. बातमी ऐकली आणि मी पोळ्या तशाच सोडून ओसरीवर येऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "कोन गेलं वं बाई? माहेरचं हाय का कोनी?"

काय सांगणार! ज्यांना कधी समोर पाहिलं नाही, त्यांचं सुतक कसं पाळायचं?

लग्नाआधी दादानं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट आणली होती. एकटा माणूस, तीन तास आणि ५२ पात्रं! औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या सरांची बोली मराठवाड्याची, आमची वऱ्हाडी. पण लग्नघरातली रुसणारी, मिरवणारी माणसं अगदी आमच्याच आळीतली वाटायची.

ते ऐकूनच मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात नकला सुरू केल्या. पदर डोक्यावर घेतला की सासू, कमरेला खोचला की सून. "घरंदाज बाईला शोभते का हे?" असं ऐकावं लागलंच. पुढे महिला मंडळांची बोलावणी येऊ लागली, तेव्हा तीच तोंडं कौतुक करू लागली. असो.

त्या वर्षी ८ मार्चचा कार्यक्रम मी नाकारणार होते. सासूबाईच म्हणाल्या, "तो मानूस लोकायले हसवत व्हता नं? मंग जाय."

गेले. बायका खूप हसल्या. मुलीच्या पाठवणीच्या प्रसंगाला मात्र माझा आवाज खरोखरच फुटला. त्यांना तो अभिनय वाटला.

आता संदीप पाठक यांनी ते वऱ्हाड पुढे नेलंय. मी मात्र मोबाइलवर जुनंच ऐकते, आणि कॅसेटची बाजू संपायची तिथं अजून हात टेपकडे जातो.