शिक्षण कराचा रकाना

तुळजापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा तीन वाटांनी येतो: राज्य सरकारकडून, जिल्हा परिषदेकडून आणि शाळा ज्या गावात आहे तेथील ग्रामपंचायतीकडून. सर्वांत मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्याच्या अनुदानातून भागतो. त्यामुळे महामार्गावरच्या तामलवाडीतील गुरुजींच्या आणि आडवळणाच्या तांड्यावरच्या गुरुजींच्या वेतनश्रेणीत गावामुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो उरलेल्या खर्चात. गळके पत्रे, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत, थकलेले वीजबिल, मुलींच्या स्वच्छतागृहाचे मोडके दार या गोष्टींत शेजारशेजारच्या दोन गावांची तफावत उघडी पडते. करांच्या न्याय्य वाटपाचा वादही याच वरखर्चाभोवती फिरतो.

अमेरिकेत ही तफावत फार मोठी आहे, कारण तिथल्या शाळा बऱ्याच अंशी त्या त्या भागाच्या मालमत्ता करावर चालतात. टेक्सासमधील एजवूड या गरीब भागाच्या पालकांनी शेजारच्या सधन अलामो हाइट्सकडे बोट दाखवत न्यायालय गाठले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. पुढे १९९३ मध्ये त्या राज्याला सधन भागांच्या करातला हिस्सा गरीब भागांकडे वळवणारा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात पगाराचा भार राज्याने उचलल्यामुळे एवढी दरी पडली नाही, ही मोठी गोष्ट आहे. तरीही दरी आहे, आणि तिचे मूळ कागदावर दाखवता येते.

तुळजापूर शहरातील मालमत्ताधारकाला नगरपरिषदेचे बिल येते. त्यात मालमत्ता कराबरोबर शिक्षण कराचा वेगळा रकाना असतो. १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (कर) अधिनियमानुसार नगरपरिषद हा कर गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. निवासी मालमत्तेपेक्षा बिगरनिवासी मालमत्तेला त्याचा दर जास्त असतो. भवानीमातेच्या भाविकांवर चालणारे लॉज, हॉटेल, दुकाने या वरच्या दरात येतात. म्हणजे नवरात्रात गजबजणारे शहर शिक्षणासाठी कर देते, पण तो पैसा तुळजापूरच्या शाळेसाठी म्हणून वेगळा राहत नाही. राज्याच्या एकूण महसुलात तो मिसळतो.

गावात चित्र उलटे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडली की प्रत्येक घरासमोर बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य आणि मग करांचे रकाने दिसतात: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. शाळेसाठी रकाना नाही. पण शाळेची टाकी फुटली किंवा वीज तोडली गेली की मुख्याध्यापक अर्ज घेऊन येतात ते ग्रामपंचायतीतच. घरपट्टी बसते ती इमारतींवर आणि बिगरशेती जागेवर. शेतजमीन तिच्या बाहेर राहते. म्हणून महामार्गालगत ढाबे, गोदामे, पेट्रोलपंप असलेल्या गावाला उत्पन्न मिळते, आणि जिथे कोरडवाहू शेती व मातीची-पत्र्याची घरे तेवढीच आहेत, त्या गावाची आकारणीच मुळात तोकडी असते. वसुली तर त्याहून कमी. मार्चअखेर ग्रामपंचायत अधिकारी नमुना १० चे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात तेव्हा मागची थकबाकी आणि चालू मागणी दोन्ही पुढे येतात.

हा वाद प्रत्यक्ष ऐकू येतो तो ग्रामसभेत. ‘घरपट्टी भरतो, मग शाळेची लाईट का बंद?’ हा प्रश्न पालकांकडून येतो, आणि ‘वसुलीच नाही, तर बिल कशातून भरायचे?’ हे उत्तर समोरून. दोन्ही बाजू खऱ्या असतात. मग वर्गणीचा विषय निघतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश असल्याने ही जबाबदारी फिरून त्यांच्याच अंगावर पडते. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या वर्गखोल्यांचे कौतुक नेहमी होते आणि ते रास्तच आहे. पण ज्या तांड्यावरची निम्मी घरे ऊसतोडीला गेलेली असतात, तिथे वर्गणी मागायची कोणाकडे?

केंद्राचा निधी ही तफावत कमी करील अशी अपेक्षा असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२५-२६ पर्यंतच्या) निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरला होता. मात्र २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता. आयोगाने वाटपाच्या सूत्रात लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले. शाळेची अवस्था या हिशेबात कुठेच आली नाही. समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदानही पटावर ठरते: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार. छप्पर मात्र पट पाहून गळत नाही. दोन खोल्यांच्या वस्तीशाळेची डागडुजी, खडू, वीज, स्वच्छता १० हजारांत बसवताना मुख्याध्यापकांची कसरत होते.

एका गावचा पैसा दुसऱ्या गावाच्या उपयोगी यावा, ही कल्पना कायद्याला नवी नाही. ग्रामपंचायत अधिनियमातील जिल्हा ग्राम विकास निधीत प्रत्येक ग्रामपंचायत उत्पन्नाचा ०.२५ टक्के वाटा भरते आणि त्यातून गरजू ग्रामपंचायतींना कर्ज मिळते. पण ते कर्ज असते. ज्याच्याकडे फेडायला उत्पन्न आहे, त्यालाच ते पेलते. मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीने १९८४ मध्ये मांडला. त्यात शिक्षण होते, पण मोजमाप जिल्ह्यांचे होते. एकाच तालुक्यातील दोन गावांमधला अनुशेष त्यात दिसण्याची सोय नव्हती. तुळजापूरचा धाराशिव जिल्हा (तेव्हाचा उस्मानाबाद) २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तेव्हाही एकक जिल्हाच राहिले.

गावागावांतला समतोल साधता येईल अशी खरी जागा म्हणजे जिल्हा परिषदेचा स्वउत्पन्नाचा निधी, ज्याला सगळे ‘सेस’ म्हणतात. जमीन महसुलावरील उपकर हा त्याचा एक स्रोत. रक्कम मोठी नसते, पण ती कुठे खर्चायची हे जिल्ह्यातच ठरते. सदस्य निवडून आलेले असतात तेव्हा प्रत्येकाचा आग्रह आपल्या गटाला समान वाटा मिळावा असा असतो. समान वाटा आणि न्याय्य वाटा यांत इथे अंतर पडते: जिथे खोल्या धड आहेत त्या गटालाही तेवढेच, आणि जिथे मुले व्हरांड्यात बसतात तिथेही तेवढेच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि हा वादच सभागृहाबाहेर गेला.

गरजेनुसार वाटप करायला नवे सर्वेक्षण लागत नाही. प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायस या शालेय माहिती प्रणालीच्या प्रपत्रात किती खोल्या मोडकळीस आल्या, वीजजोडणी चालू आहे का, पाण्याची सोय कोणती, स्वच्छतागृह वापरात आहे का, हे भरून देते. ही माहिती पंचायत समितीच्या गटशिक्षण कार्यालयात असते. सेसमधील दुरुस्तीचा निधी आणि वित्त आयोगातून पंचायत समितीला येणारा वाटा या माहितीशी जोडला, तर कमी घरपट्टीच्या गावातील नादुरुस्त शाळा यादीत आपोआप वर येते. तसा ठराव करण्याचा अधिकार जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला आपापल्या निधीपुरता आजही आहे.